फुंका, नाना

"मोठा श्वास घ्या आणि फुंका. पोटातनं."

समोर कुणीही असो, ती एवढंच म्हणायची आणि दारू तपासायचं ते छोटं यंत्र तोंडापुढे धरायची. दुसरा हात गाडीच्या हँडलवर असायचा.

सांगलीत आमच्या चौकात माझं चष्म्याचं दुकान. वाहतूक पोलिसातली ही ताई बरीच वर्षं दुकानासमोर उभी असायची. तुमच्याही गावात असं कुणीतरी असेलच. दिसलं नाही की चुकल्यासारखं होतं.

एकजण तिला म्हणाला, "मॅडम, खोकल्याचं औषध घेतलंय."

"मग खोकून दाखवा."

तो खोकला मात्र, आणि शेजारचा रिक्षावाला नाक धरून मागे सरला.

दुपारी ती पाणी प्यायला दुकानात यायची. कडेगावकडची, वडील लहानपणीच गेलेले. फौजेतून निवृत्त झालेल्या चुलत्यानं वाढवलं. पोलीस भरतीच्या वेळी पहाटे कालव्याच्या रस्त्यानं त्यानंच तिला पळायला शिकवलं. "आमचं नाना लय कडक," म्हणताना तिचा चेहरा उजळायचा.

एका रविवारी भर दुपारी तेच नाना लग्नाचं जेवण उरकून मोटारसायकलवर आले, मागे काकू. गाडी किंचित झुलत होती. ताईनं हात केला.

"अगं, मी हाय!" नाना हसले.

"व्हय, नाना. फुंका."

ती हसत नाही हे बघून त्यांचंही हसू गेलं. चौकात माणसं थांबली. मीही काउंटर सोडून पायरीवर आलो. नानांनी फुंकलं. यंत्र वाजलं.

"तुला पळायला कुनी शिकवलं गं?"

"तुमीच. म्हणून तर हितं उभी हाय."

काकू खाली उतरल्या आणि पुतणीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. "वाटंत दोनदा म्हनले, मला उतरवा. आयकत्यात कुठं!"

गाडी ठाण्यात गेली, खटला कोर्टात. तारखेला ताईनं रजा काढली आणि नानांशेजारी बाकावर बसून राहिली. नानांनी गुन्हा कबूल केला. परवाना काही महिन्यांसाठी गेला. ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसांत ती दुकानात यायची, पाणी प्यायची आणि लगेच चौकात परतायची.

ऊसतोड सुरू झाली आणि एक दिवस नाना एस.टी.नं आले. हातात काकवीची बरणी. थेट चौकात, तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"आण तुजं यंत्र."

"गाडी कुठाय, नाना?"

"गाडी न्हाई. तरी बगून घे. दारू सोडलीया."

तिनं यंत्र काढलं नाही. रहदारी तशीच सोडून त्यांच्या पाया पडली. मागची सिटी बस हॉर्न वाजवत राहिली, आणि पहिल्यांदाच तिनं लक्ष दिलं नाही.

यंदा तिची वाईला बदली झाली. सामान टेम्पोनं पुढे गेलं. तिला पोचवायला नाना मोटारसायकल घेऊन आले होते. तिनं आधी स्वतःच्या हेल्मेटचा पट्टा लावला, मग त्यांचा ओढून बघितला.

"बस आता," नाना करवादले.

ती मागे बसली. वळणावर इंडिकेटर चालू असूनही नानांनी हात दाखवला, पार आडवा, फौजेतल्यासारखा. आणि गाडी पुलाकडे वळली.