तहानलेल्या कोंबड्यांची दया

दूध पावडरीच्या चहाचा वास आला की मी अजूनही आटपाडीच्या आमच्या पोल्ट्रीत जाऊन उभा राहतो. मानमोडी रोगाची लस तसली पावडर घातलेल्या पाण्यातून पाजायची, म्हणून बायकोनं कोंबड्या तहानलेल्या ठेवलेल्या. रिकाम्या भांड्यांवर चोची आपटत होत्या. तिची पाठ वळताच मी पाणी भरलं आणि स्वतःला लय पुण्यवान समजलो. नंतर लसीला एकीनंही तोंड लावलं नाही.

पुढं साथ आली, माना पिळवटल्या, शेडातल्या कोंबड्या आडव्या झाल्या. खड्ड्यात टाकताना बायको म्हणाली, "आवं, ह्यातल्या काई अजून हलत्यात."

"मग गं?"

"मग काय? वढा माती. का आताबी दया येतीया?"

मी माती ओढली.