पारायणाच्या पाटावरून पोथी गेली

देवासमोर पाटावर ठेवलेली पोथी आईच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली.

झालं असं, की आई साताऱ्याहून फरीदाबादला आमच्याकडे आली आणि तिनं सात दिवसांचं पारायण करायचं ठरवलं. पोथी मात्र साताऱ्यालाच राहिली. "कुरिअरनं मागवू या," बायको म्हणाली. माझ्यातला तंत्रज्ञ दुखावला! "अगं, सार्वजनिक वाचनालयाच्या ॲपवर फुकट मिळते. आठवडाभर आपलीच!" असं म्हणून मी ती आदल्या संध्याकाळीच टॅबलेटवर घेऊन ठेवली (अक्षरं मोठी करून बघायला).

टॅबलेट पाटावर विराजमान झाला. आईनं हळदकुंकू वाहिलं, तर त्या बोटानं दोन अध्याय भराभर उलटले. ओलं फूल वाहिलं, तर थेट मलपृष्ठ! "तुझी पोथी फार चंचल आहे रे," आई म्हणाली. तरी बिचारीनं सहा दिवस नेटानं वाचलं.

सातव्या संध्याकाळी शेवटचा अध्याय उरला. शेजारच्या भाटियाआंटी प्रसादासाठी येऊन बसल्या होत्या. आईनं पान उलटलं आणि ती किंचाळलीच. समोर एवढंच: 'मुदत संपली. पुस्तक परत घेतले आहे.'

"परत घेतलं? कुणी? अरे, पारायण अर्धवट सोडत नाहीत!" ती टॅबलेट मागूनपुढून बघायला लागली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. घाईघाईनं मुदत वाढवायला गेलो, तर उत्तर आलं, 'हे पुस्तक दुसऱ्या वाचकाने राखून ठेवले आहे.'

"कौन है ये बेशरम?" भाटियाआंटी कडाडल्या.

"कुणी का असेना, त्याचं वाटोळं होवो!" मी म्हणालो. (देवासमोर. हात जोडून.)

तेवढ्यात नोएडाच्या ऑफिसातून बायकोचा फोन. "अरे, माझ्या मोबाइलवर कसली तरी पोथी आलीय. मी तर मागवली नव्हती यार!"

मला दरदरून घाम फुटला. ऐनवेळी काही गडबड झाली तर हाताशी दुसरी प्रत असावी, म्हणून तिच्या नावानं मीच नंबर लावला होता! वाचनालयाकडे प्रत एकच, रांगेत माणूस एकच, आणि तोही आमच्याच घरचा. (देवा, मघाचा शब्द मागे घेतो!)

शेवटी फोन स्पीकरवर टाकला. बायकोनं ऑफिसच्या जिन्यात चपला काढून, ओढणी डोक्यावर घेऊन अख्खा अध्याय वाचला. मध्येच कुणीतरी घाबरून विचारलं, "मॅडम, सब ठीक है ना?" "बिल्कुल!" म्हणून ती पुढच्या ओवीवर गेली. भाटियाआंटींना एक अक्षर कळलं नाही, पण त्या डोळे पुसत होत्या.

आरती झाल्यावर मी भीत भीत विचारलं, "आई, संकल्प कशासाठी होता गं?"

"तुला अक्कल यावी म्हणून!"

"मग आता येईल ना?"

"शेवटचा अध्याय तिनं वाचला," आई सुस्कारा टाकत म्हणाली. "फळ तिला."

म्हणजे घरात ज्या एकाच माणसाला अक्कल होती, तिलाच आणखी मिळाली. माझ्या वाट्याला नुसता शिरा!