आत्याचा बंब

"विसरून राहिल्या त्या आजकाल. आगीचं काम नका सांगू जी त्यायले," आई हळू आवाजात बाबांना म्हणाली. मी दाराआड उभी होते, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून. 'त्या' म्हणजे माझी आत्या. आणि ती काहीच विसरली नव्हती — हे घरात फक्त मला माहीत होतं.

सहा वर्षं झाली याला. मैत्रिणीला सांगितलं नाही, डायरीतही लिहिलं नाही. तुम्हाला तरी सरळ सांगता येईल का — बघते.

आत्या ही बाबांची मोठी बहीण. नवरा वारल्यावर कोराडीच्या वीजकेंद्राची कॉलनी सोडून नागपूरला आमच्याकडे आली, आणि मागच्या अंगणातला आंघोळीच्या पाण्याचा बंब तिने ताब्यात घेतला. कपाटातला एक खण सोडला, तर या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच. दर रविवारी ती खालची जाळी काढून राख झाडायची. मधल्या नळीतली काजळी काठीला बांधलेल्या चिंधीने काढायची. मग चिंच-मीठ लावून तांबं घासत बसायची, चांगला तासभर. मी लांबून बघत असले की म्हणायची, "ये ना वं! इंग्लिश मीडियमच्या हाताले राख चालत नाही काय?" मी हसायचे. जायचे मात्र क्वचितच. शाळेत मी सांगून ठेवलं होतं, आमच्याकडे गिझर आहे. खोटं बोलायची सवय तिथूनच लागली असेल का? — नाही, ही सबब झाली.

बंबाचा नियम एकच. एक बादली गरम पाणी काढलं की एक बादली गार पाणी वरून ओतायचं. आत पाणी नसेल आणि नळीत जाळ असेल, तर तांब्याचे जोड सुटतात. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं.

त्या रविवारी मला मैत्रिणीकडे जायचं होतं. केसांना धुराचा वास नको, म्हणून ते नीट धुवायचे होते. मी तीन बादल्या पाणी काढलं — आणि एकही ओतली नाही. टाक्यावरून भरलेली बादली उचलून आणायची, एवढंच तर काम. कंटाळा केला. आत्याने तासाभरापूर्वीच बंब काठोकाठ भरला होता. त्या भरवशावर तिने बाबांच्या आंघोळीसाठी आणखी दोन लाकडं सारली.

थोड्या वेळाने बुडाचा जोड सुटला. तळाशी उरलेलं पाणी निखाऱ्यांवर सांडलं, अंगणभर वाफ आणि राख झाली. सगळे धावले.

"मी तर भरला होता," आत्या म्हणाली. पुन्हा तेच म्हणाली. मग स्वतःच्या हातांकडे बघत — "भरला होता ना मी?"

बोलायला किती वेळ लागला असता? मी केस पुसत राहिले.

बंब दुरुस्त झाला, पण परत तिच्या हाती आला नाही. पुढच्या वर्षी गिझर बसला. एवढ्यावर थांबलं असतं, तर मी आजही गप्पच राहिले असते — हेही खरं. पण आपण विसरतो, हे आत्याने मानलं. गॅसचं बटन तीन-तीनदा बघू लागली. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायची आणि ओढून बघायला परत यायची. भाजीत मीठ घातलं की नाही, आईला विचारायची. आई माझ्याकडे बघून मान हलवायची. मीही हलवायचे. हो — मीही.

मागच्या आठवड्यात बाबांनी तिला डॉक्टरांकडे नेलं. सोबत मी होते. डॉक्टरांनी साधंच विचारलं — आज वार कोणता? तिला येत होतं. ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. पण बोलण्याआधी ती माझ्याकडे वळली. मी हो म्हणावं म्हणून.

बाबा शेजारीच होते. डॉक्टर पेन धरून थांबले होते. माझा आवाज फार बारीक निघाला, पण निघाला —

"आत्या, त्या दिवशी तू बंब भरला होता. पाणी मी संपवलं. आणि सहा वर्षं सांगितलं नाही."