न उलटलेलं चिन्ह

माझी जीभ तिखट आहे, हे बेळगावातल्या आमच्या कॉलेजात शिपायालाही ठाऊक आहे. पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, गणितातली असमानता शिकवताना मी एकच नियम कानीकपाळी ओरडते. ऋण संख्येने भागलंत की चिन्ह उलटं करा. विसरलात तर भोपळा.

त्या वर्षी वर्गात निपाणीची एक मुलगी होती. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, इथंच खासबागला मावशीकडे राहायची. प्रवेशाच्या वेळी तिची आई मला म्हणाली होती, "मॅडम, पास झाली तर शिकू द्या. न्हाय झाली तर माझ्यासंगं वखारीत येईल." आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. बोलताना खोकत होती.

वार्षिक परीक्षेत −3x < 12 हे दोन गुणांचं उदाहरण होतं. उत्तर, x > −4. पेपर तपासताना आम्ही शेवटच्या ओळीतलं चिन्ह बघतो आणि पुढं सरकतो. तिच्या शेवटच्या ओळीत '<' दिसलं. मी फुली मारली. तिला तेहतीस गुण पडले. पस्तीस हवे होते.

ती पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आली.

"मॅडम, हे बरोबर हाय की."

"चिन्ह उलटं केलंस?"

"न्हाय, पन मी उण्यानं भागलंच न्हाय..."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," मी म्हणाले. शेजारच्या दोघी हसल्या. पुरवणी परीक्षेला बस, असं सांगून मी चहाचा कप उचलला. ती पुरवणीला बसली नाही. चार दिवसांनी आई येऊन तिचा दाखला घेऊन गेली.

पुढच्या वर्षी तोच धडा शिकवत होते. एका मुलीने फळ्यावर −3x उचलून उजव्या बाजूला नेलं, तिथं ते +3x झालं. बारा डावीकडे आणले. मग तीनने भागून लिहिलं, −4 < x. मी फुली मारायला खडू उचलला आणि हात तिथंच थांबला. उणे चार एक्सपेक्षा लहान, म्हणजे एक्स उणे चारपेक्षा मोठा. उत्तर तेच. धन संख्येने भागल्यावर चिन्ह उलटायचं कारणच नव्हतं. वीस वर्षं हेच शिकवते आहे मी.

जुन्या गठ्ठ्यातून निपाणीच्या मुलीचा पेपर काढला. ओळ न् ओळ तशीच होती. मला माझी शिसारी आली.

प्राचार्यांना सांगितलं. ते चूक दुरुस्त करून तिला परत घ्यायला तयार झाले. रविवारी मी निपाणीला गेले. ती दारात बसून केस विंचरत होती, बोटं तंबाखूनं तपकिरी झालेली. मी पेपर पुढं केला आणि म्हणाले, "चूक माझी होती. तू पास आहेस. परत ये."

तिने पेपर बघितला, पण हातात घेतला नाही. आतून आई म्हणाली, "जा गं, मॅडम सवता आल्यात."

"नगं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मला तवाच ठावं हुतं मॅडम, बरोबर हाय ते. मी सांगत हुतो, तुमी हसलासा. बरोबर असून बी चूकच म्हणत असशीला, तर शिकून काय करू?"

मी पेपरची घडी घातली. आत आई खोकत होती, आणि मग तीही खोकली.