अक्कांची सायकलफेरी

काल नातवाच्या हाताला प्लास्टर घालताना प्लास्टरचा ओला वास आला आणि मला पाचोऱ्याचं शिबिर आठवलं. तिथं पायांची मापं अशाच ओल्या प्लास्टरमध्ये घेत होते. कृत्रिम पायांसाठी निधी जमवत आम्ही धुळ्याहून सायकलींवर तिथं पोचलो होतो. साठीच्या एक अक्का नव्या पायावर चार पावलं चालत थेट माझ्यापाशी आल्या. मी आधाराला हात दिला.

"हात नको, भाऊ. माले सायकलवर बसाड."

मी त्यांना सीटवर बसवून मागून धरलं आणि मैदानभर धावलो. अक्का घंटी वाजवत सगळ्यांना ओरडत होत्या, "सरका रे बठ्ठाजन!"

त्या पडतील या धास्तीनं मी फक्त त्यांच्या नव्या पायाकडे बघत राहिलो. त्या वेळचा त्यांचा चेहरा बघायचा राहूनच गेला, याची आज चुटपुट लागते.