चंदेरी कार्ड

गहिनीनाथ आमच्या गावचा जलसुरक्षक. केज तालुक्यातलं ओढ्याकाठचं आमचं गाव, आणि ओढ्याला लागून सगळ्या गावाला पाणी पाजणारी एकच विहीर. तिच्यात जंतू मारायची पावडर टाकायची, नमुन्याची बाटली भरून तपासणीला पाठवायची, हे त्याचं काम. माणूस सरळ. इतका सरळ की गावानं त्याला हवा तसा वाकवला.

पाणी चांगलं निघालं की ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड मिळतं, वाईट निघालं की लाल. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं तर चंदेरी. चार वर्षं त्याच्या मेहनतीनं हिरवं मिळालं, खोटं कशाला बोला. पाचव्या वर्षी ओढ्याच्या वरच्या अंगाला दारू गाळायचा कारखाना सुरू झाला आणि मळीचं काळं पाणी खाली उतरलं. विहिरीला वास यायला लागला.

सरपंच बबनराव म्हणाले, "गहिन्या, यंदा बाटली शाळेच्या हातपंपावर भर. चंदेरी एकदा हातात पडू दे, मग बघू कारखान्याकडं."

त्यानं भरली. वर विहिरीचं नाव लिहून खाली सही केली. कार्ड आलं, सत्कार झाला. फोटोत मीही आहे, त्याची लाज वाटते.

उन्हाळ्यात विहिरीत चहाच्या रंगाचं पाणी उरलं. गहिनीनाथच्या बायकोचं, छबुबाईचं, अंग खाजवून खाजवून सोलून निघालं. मग गावाला जाग आली, अर्ज गेले. प्रदूषणवाले साहेब उगवले ते भर पावसाळ्यात. ओढा दुथडी वाहत होता, विहीर वरपर्यंत भरलेली. मळी पुरानं धुऊन गेली होती, नमुना चांगलाच निघणार होता.

ग्रामपंचायतीत बैठक बसली, तिथं कारखान्याच्या मॅनेजरनं कार्डाची झेरॉक्स पुढं केली. "आमचा कारखाना सुरू झाल्यानंतरचं आहे, साहेब."

गहिनीनाथ उठला. "सायेब, ते पाणी हिरीचं नव्हतं. हातपंपाचं व्हतं. मीच भरलं."

"तेव्हा खोटं लिहून दिलंत," साहेब म्हणाले. "मग आज खरं बोलताय कशावरून?"

त्यानं बबनरावांकडं पाहिलं. बबनराव म्हणाले, "त्याच्या मनानं केलं आसंल. मला काय म्हाईत न्हाई." आम्ही सगळे मूग गिळून बसलो.

गहिनीनाथचं काम गेलं. दिवाळीनंतर मळी पुन्हा उतरली, पुन्हा अर्ज लिहिला. तो सही करायला आला, तर लोकांनी कागद बाजूला ओढला. "तुझी सही दिसली की अर्ज बाद व्हतो रं," कुणीतरी म्हणालं.

मी त्याच कागदावर माझी सही केली.