चुकीच्या कोपऱ्यातला ठिपका

आमचे बाबा एका जागी स्वस्थ बसलेले मी फक्त न्हाव्याच्या खुर्चीत पाहिले आहेत, आणि तिथेही न्हावी त्यांना दोनदा दटावायचा. जेवताना त्यांचा पाय टेबलाखाली असा हलायचा की सगळ्यांच्या पेल्यातलं पाणी थरथरत राहायचं. चहाचा कप घेऊन ते खिडकीशी जात, तिथून दाराशी, मग पुन्हा खिडकीशी. आई म्हणायची, "यांना बसा म्हटलं की शिक्षा फर्मावल्यासारखं तोंड होतं." मी त्यांच्यावरच गेले आहे, म्हणून मला त्यांची कीव कमी येते आणि राग जास्त.

आणि हाच माणूस एकतीस वर्षं अंधारात एका यंत्राशेजारी पाय न हलवता उभा राहिला. नोकरी चित्रकला महाविद्यालयात शिपायाची. पहिल्याच वर्षी कलेच्या इतिहासाच्या तासाला प्रोजेक्टरचा दिवा उडाला. प्राध्यापकांनी यंत्राला थापट्या मारून पाहिल्या, मुलं हसली, शेवटी बाबांनी रुमालात धरून गरम दिवा काढला आणि नवा बसवला. त्या दिवसापासून ते यंत्र त्यांच्या गळ्यात पडलं. काळे पडदे ओढायचे, "अंधार" असं मोठ्याने सांगून दिवे घालवायचे, आणि शिकवणाऱ्याची पट्टी टेबलावर वाजली की पुढची स्लाइड, म्हणजे चौकटीत बसवलेली चित्राची पारदर्शक फिल्म, यंत्रात घालायची. मुलांनी त्यांचं नाव अंधारमामा ठेवलं आणि ते प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं.

तेच तेच तास दरवर्षी ऐकून बाबा चित्रकारांबद्दल शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलत. व्हर्मीरला म्हणे डाव्या हाताच्या खिडकीशिवाय करमत नाही. रेम्ब्रांट स्वतःचं तोंड आयुष्यभर रंगवत राहिला, पण म्हातारपणी नाक काही लहान केलं नाही, म्हणून माणूस सच्चा. सेझानची सफरचंदं चित्र पुरं होईपर्यंत सडायची असं ऐकल्यावर आईने विचारलं होतं, "मग ती टाकत कोण होतं?" जपानचा होकुसाई मात्र बाबांचा लाडका. त्याने आयुष्यात नव्वदच्या वर घरं बदलली असं सांगतात. हे सांगताना बाबा आईकडे असं बघायचे, जणू आपण एकाच घरात राहून तिच्यावर केवढे उपकार केले आहेत.

त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही स्लाइड चुकीची पडली नाही. हे वाटतं तितकं सोपं नसतं. स्लाइड यंत्रात डोकं खाली करून घालावी लागते. शिवाय तिला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक मंद. डोकं चुकलं तर चित्र पडद्यावर उलटं लटकतं आणि वर्ग खिदळतो. बाजू चुकली तर कुणालाच कळत नाही. चित्र सरळच दिसतं, फक्त डावं उजवीकडे गेलेलं असतं. म्हणून स्लाइडच्या चौकटीवर एका कोपऱ्यात लाल ठिपका चिकटवतात. अंगठा ठिपक्यावर ठेवून स्लाइड आत सरकवली की झालं, डोळे मिटूनही चुकत नाही.

एका पावसाळ्यात कपाटातल्या स्लाइडना बुरशी धरली. बाबांनी चारशे स्लाइड एकेक करून उघडल्या, पुसल्या, नव्या चौकटीत बसवल्या आणि नवे ठिपके लावले. दोन वर्षांनी बाई आल्या, कलेचा इतिहास शिकवायला. पुढची सतरा वर्षं बाईंची पट्टी आणि बाबांचा अंगठा, असं चाललं.

बाईंचा पहिल्या वर्षाचा पहिला तास साऱ्या महाविद्यालयात गाजलेला होता. शिल्पकलेचीसुद्धा मुलं मागे येऊन उभी राहत. शाळेत असताना बाबांनी मलाही एकदा नेलं होतं. बाईंनी एकच चित्र दाखवलं, साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीचं, झुरबारान नावाच्या स्पॅनिश चित्रकाराचं. काळ्याभोर पार्श्वभूमीवर एक टेबल. त्यावर डावीकडे पाण्याने भरलेला पांढरा पेला आणि बशीत टेकवलेला गुलाब, मधे पानाफुलांसकट संत्र्यांची टोपली, उजवीकडे ताटलीत चार महाळुंगं, म्हणजे जाड सालीची मोठी लिंबं. एवढंच. बाई म्हणाल्या, "डोळा डावीकडून आत शिरतो. आधी गुलाब, घटकाभराचा. मग भरलेली टोपली, आपला संसार. आणि शेवटी हे आंबट, खडबडीत, एकटं. त्याने खोटा दिलासा दिला नाही, म्हणून तो मोठा." बाई इथे नोकरीला लागल्या, त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचे यजमान वारले होते. ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

पुढे मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले, आणि बाईंच्या निवृत्तीच्या महिन्यात त्यांच्या व्याख्यानांचं पुस्तक आमच्याकडेच छपाईला आलं. पहिलं प्रकरण अर्थातच हे चित्र. मुखपृष्ठासाठी प्रकाशकाने चित्र जिथे आहे त्या संग्रहालयाकडूनच छायाचित्र मागवलं होतं. सोमवारी मी मुखपृष्ठाचा नमुना बाबांना दाखवायला घरी आणला. बाबांनी तो हातात घेतला आणि हसले.

"उलटं छापलंत," ते म्हणाले. "गुलाब उजवीकडे गेला. तुमच्या छापखान्यात एक अंधारमामा ठेवा."

मी खजील झाले आणि सकाळी तडक छापखान्यात जाऊन मूळ छायाचित्र भिंगाखाली धरलं. टेबलाच्या कडेवर चित्रकाराची सही आहे, अगदी बारीक. ती सरळ वाचता येत होती. गुलाब उजवीकडेच होता. छापखान्याची काहीच चूक नव्हती.

हे बाबांना कसं सांगावं, मला कळेना. मी एरवी तोंडाने फटकळ आहे, पण त्या दुपारी भिंग पिशवीत घालून महाविद्यालयात गेले आणि एवढंच म्हणाले, "ती स्लाइड बघू या एकदा." बाबांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, अंगठा ठिपक्यावर. भिंगातून पाहिलं. मग स्लाइड पालटून पाहिलं. मग पुन्हा पहिल्यासारखी. स्लाइड त्यांच्या ठिपक्याप्रमाणे धरली की टेबलाच्या कडेवरची अक्षरं उलटी दिसत होती, आरशात दिसतात तशी.

"ठिपका माझाच आहे," ते म्हणाले. "इतका गोल दुसरा कोणी कापत नाही."

छपाई गुरुवारी सुरू व्हायची होती. मंगळवारची संध्याकाळ आणि बुधवारचा दिवस बाबांनी रजा टाकून आमच्या घरात जी पायपीट केली, ती आठवली की अजून मला दम लागतो. ते बाईंच्या घरी जायला निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले. दुसऱ्यांदा निघाले, तेव्हा फाटकापर्यंत जाऊन परत आले, कारण बाई झाडांना पाणी घालत होत्या आणि "पाणी घालणाऱ्या माणसाला असं काही सांगू नये." चप्पल घालायची, काढायची. एकदा मला विचारलं, "नाही सांगितलं तर?" मी म्हटलं, "मुखपृष्ठावर गुलाब उजवीकडे आणि आत पहिल्याच पानावर डावीकडे. वाचणारा आंधळा नसतो." खरं तर मला दुसरीच भीती होती. निवृत्तीला आठ दिवस राहिलेल्या बाईंच्या हातात असं पुस्तक पडलं असतं, की ज्यात त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य खोटं आहे, आणि ते लोकांनी त्यांना दाखवून दिलं असतं.

बाबांनी मग बोनारचा किस्सा काढला. तो फ्रेंच चित्रकार म्हणे संग्रहालयात टांगलेल्या आपल्याच चित्रापाशी रंग लपवून न्यायचा आणि पहारेकऱ्याचं लक्ष चुकवून एखादं पान दुरुस्त करून यायचा. "म्हणजे टांगल्यावरही दुरुस्त करता येतं," बाबा म्हणाले, आणि चौथ्यांदा चप्पल घातली.

"बाबा, तो स्वतःचं चित्र दुरुस्त करत होता," मी म्हटलं. "आणि चोरून. तुम्हाला तोंडाने सांगायचंय." मी त्यांच्याबरोबर गेले, नाहीतर ते पुन्हा परतले असते.

बुधवारी संध्याकाळी बाई घरी नव्हत्या, महाविद्यालयात आपलं कपाट रिकामं करत होत्या. बाबांनी दारातूनच सांगितलं, एका दमात. "बाई, ती लिंबांची स्लाइड उलटी आहे. तुम्ही आलात त्याच्या आधीपासून. बुरशी पुसली तेव्हा ठिपका मी चुकीच्या कोपऱ्यात लावला."

बाईंनी हातातली पुस्तकं खाली ठेवली. मी मुखपृष्ठ पुढे केलं. त्यांनी ते जवळ धरून पाहिलं. मला बाबांचा हात धरून पळून जावंसं वाटलं.

"महिन्याभराने सांगितलं असतंत, मामा, तर मी सुखाने घरी गेले असते."

"तोवर पुस्तक आलं असतं."

"आलं असतं. कुणाला कळलं असतं?"

"मला," बाबा म्हणाले.

बाई चिडल्या. सतरा वर्षं बाबांनी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. ग्रंथालयात या चित्राचं एकही धड पुस्तक कुणी ठेवलं नाही, यावर त्या चिडल्या. आपण कधी दुसरीकडे शोधलं नाही, यावर चिडल्या. बाबांवरही चिडल्या, आणि ते योग्यच होतं. मग एकदम म्हणाल्या, "लावा. दोन्हीकडून लावा."

रिकाम्या वर्गात बाबांनी पडदे ओढले. "अंधार" म्हणताना त्यांचा आवाज फुटला. आधी नेहमीची बाजू. बाईंनी पट्टी वाजवली. बाबांनी स्लाइड काढली, पालटली, घातली.

तेच चित्र, पण बाई पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. दिव्याच्या उष्णतेने स्लाइड वाकते, म्हणून बाबा दोन मिनिटांवर एकही ठेवत नसत. त्या दिवशी त्यांनी तीन वेळा काढून, थंड करून, परत लावली.

"आंबट आधी आहे," बाई शेवटी म्हणाल्या. कुणाशी, ते कळलं नाही. "आंबट आधीच होऊन गेलंय. आणि शेवटी त्याने प्यायला पाणी ठेवलंय." त्या रडत होत्या. "मी मुलांना सांगितलं, तो दिलासा देत नाही. सतरा वर्षं सांगितलं. मला तेव्हा तसंच हवं होतं, म्हणून मला ते इतकं पटलं."

पहिलं प्रकरण त्यांनी परत मागून घेतलं. छपाई तीन आठवडे लांबली, मालक माझ्यावर वसावसा ओरडले, आणि नवं प्रकरण आलं ते जुन्यापेक्षा किती तरी चांगलं होतं. बाईंनी दोन्ही वाचनं लिहिली होती, चुकीचंसुद्धा, जसंच्या तसं. आणि खाली, अकराव्या पानावर: "सतरा वर्षं मी हे चित्र उलटं पाहिलं आणि उलटं शिकवलं. चूक माझी."

मला वाटलं, बाबा सुटले. पुस्तकाची पहिली प्रत मी त्यांच्या हातात दिली. ते उभ्याउभ्याच वाचत गेले, अकराव्या पानावर थांबले, आणि त्यांनी चप्पल शोधायला सुरुवात केली.

"हे चूक आहे," ते म्हणाले. "शुद्धिपत्र काढा."

"शुद्धिपत्र छपाईच्या चुकांचं असतं, बाबा."

"खोटं छापलंय की नाही? मग."

मी समजावलं, आई रागावली, मालकांनी तर मला येड्यात काढलं. शेवटी बाबांनी स्वतःच एका कागदावर मजकूर लिहिला: पान अकरा, 'चूक माझी' याऐवजी 'चूक प्रोजेक्टर चालवणाऱ्याची' असे वाचावे. खाली आपलं पूर्ण नाव. तो कागद माझ्या हातात देऊन ते मला बाईंच्या घरी घेऊन गेले.

बाईंनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला. "मामा, मी तुम्हाला मुद्दाम झाकलं. तुमचं इतक्या वर्षांचं नाव आहे. लोक काय म्हणतील, एवढं एक काम होतं आणि तेही…"

"म्हणू देत."

"आणि शिकवलं मीच ना? दोष माझाच आहे. तो पुस्तकात राहिला तर तुमचं काय बिघडतं?"

बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही.

"बाई, त्या पुस्तकातलं सगळं तुमचं आहे," ते म्हणाले. "माझी एवढी चूकच काय ती आहे. ती तरी माझ्या नावावर असू द्या."

बाईंनी कागद पुन्हा ओढून घेतला, त्यातला एकही शब्द न बदलता खाली सही केली, आणि तो छापायला माझ्याकडे दिला.